वांग आलेली राणी आणि झाडावरची साळुंकी

दोन घास सुखानं खाऊ देत नाही तुम्ही. गोष्ट सांगा, गोष्ट सांगा! बरं, ऐका. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता, कनकलता त्याची राणी. तिथला रिवाज असा, की राणीनं रोज भर दुपारी उघड्या डोक्यानं सूर्याला अर्घ्य द्यायचं. छत्र धरलं तर पीक करपेल, असं राजगुरू सांगे.

कनकलतेला मुलगा झाला आणि तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी वांग उठलं. राजगुरू म्हणाला, "हा शाप आहे. बाळाच्या जावळापर्यंत डाग गेला नाही, तर राणीला वनात घालवा. मूल इथंच राहील."

राजा मान खाली घालून बसला. बसायला काय जातं!

राणीकडे वाऱ्याचा घोडा होता. पहाटे औषध शोधायला निघायची, दुपारच्या अर्घ्याला परत यायची.

आधी गेली जटाळ मांत्रिकाकडे. त्यानं नागाच्या पहाऱ्यातल्या हंड्यातला लेप दिला. वांग बघता बघता गेलं, गाल दुधासारखे झाले. लेप संपला तशी कातडी पातळ झाली, लालभडक झाली, गालांवर लव उगवली आणि वांग दुपटीनं परत आलं. हंड्यालाच शाप होता, देतो ते व्याजासकट घेतो.

मग गेली डोंगरावरच्या यक्षिणीकडे. "ह्या झऱ्यात तोंड बुडव. सोलून निघेल," यक्षिणी म्हणाली. सोलून निघालं खरं. पण राणी तशीच उन्हात उभी राहिली, आणि नवी कातडी आली ती कोळशासारखी.

तिसऱ्या खेपेला रानात एका झाडाखाली ती रडत बसली. वरून साळुंकी बोलली.

"दुपारी कुठं असतेस गं?"

"सूर्यापुढं. उघड्या डोक्यानं."

"मग लेप काय करील, कपाळ! एक, सावली सोडू नकोस. दोन, रात्री ज्येष्ठमधाचा लेप लाव, हलक्या हातानं. तीन, चोळू नकोस, घाई करू नकोस. डाग फिका होईल. पुरता पुसून देतो म्हणणारा ठग समज."

"तुम्हाला कसं ठाऊक, साळुंकीबाई?"

"मीही तिथली राणीच होते. भद्रसेनाची आई. वांगासाठी घालवलं मला. वेशीबाहेर पाऊल पडलं आणि पाखरू झाले. राजा आपल्या राणीवर भर दुपारी स्वतः छत्र धरील, तेव्हा सुटेन."

राणी परतली. दुपारी सगळा दरबार जमला. साळुंकी येऊन कळसावर बसली.

"महाराज, छत्र धरा," राणी म्हणाली.

"रिवाज मोडेल. पीक करपेल."

"ह्याच रिवाजानं तुमची आई पाखरू झाली. ती बघा, वर बसलीय. आता मलाही झाडावर बसवायचं असेल, तर तसं स्पष्ट सांगा. तुमच्या लेकाला घास भरवायला मी चोचीनं येईन."

राजगुरू ओरडला, "महाराज, अनर्थ होईल!"

राजानं कळसाकडे बघितलं. मग उठला, सेवकाच्या हातचं छत्र घेतलं आणि राणीवर धरलं. कळसावरची साळुंकी खाली उतरली आणि तिच्या जागी पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. गालांवर डाग म्हणाल तर नावाला. इतकी वर्षं रानाच्या सावलीत काढलेली.

पीक करपलं नाही. उलट चांगलं आलं.

अर्घ्य सकाळच्या कोवळ्या उन्हात द्यायचं ठरलं. भर दुपारी उभं राहायचं काम राजगुरूला दिलं, उघड्या टकलानं. जावळ झालं तेव्हा बाळ आईच्याच मांडीवर होतं. राणीचं वांग पुसट झालं होतं, गेलं नव्हतं. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

राजानं भर दरबारात आईची माफी मागितली, मग बायकोची. राजा असून मागितली. आणि आमच्या हिच्या गालावर वांग आलं, तेव्हा "नवऱ्याचं पाप बायकोच्या तोंडावर उमटलं" असं जो चावडीवर चारचौघांत बोलला, त्यानं अजून मागितलेली नाही. दत्तू खैरमोडेनं.