कुलपाआडचं मीठ

उंच डोंगरांत, जिथे हिवाळाभर बर्फाशिवाय काही पिकत नाही, अशा एका गावात एक राखणदार होता. बर्फ लोटायचं गावाचं लोखंडी औत त्याच्या ताब्यात असे. बर्फ पडला की बैल जुंपायचे, खिंडीची वाट मोकळी करायची आणि मागे खडेमीठ फेकत यायचं, म्हणजे वाट पुन्हा गोठत नाही. माणूस कष्टाळू, पण भारी संशयी. कुणी रामराम केला तरी ह्याला वाटायचं, ह्याला काय हवं असेल बरं?

त्या साली लोहारानं औताला नवं पातं बसवलं. म्हणाला, "बाबा, वाटेवरून आलास की ऊन पाण्यानं धू, मीठ निघू दे. मग कोरडं पूस आणि तेलाचा हात फिरव."

राखणदार घरी येऊन बायकोला म्हणाला, "ऐकलंस? लोखंडावर पाणी घाल म्हणे! गंजलं की पुन्हा ह्याच्याच दारात जायचं. आणि तेल कुणाचं? ह्याच्या साडूचा घाणा आहे!"

"अहो, सगळेच का तुमच्या वाईटावर असतात?"

"तू गप. तुला जग ठाऊक नाही."

वाटेवरून आला की तो औत न धुता तसंच खोलीत कोंडायचा, कुलूप लावायचा, किल्ली करदोट्याला बांधायचा.

काही दिवसांनी पात्यावर तांबडे खवले दिसले, खाली भुगा पडलेला. "कुणीतरी कानस घासतंय!" त्यानं कुलूप बदललं. भिंतीच्या फटी बुजवल्या, आता वाराही आत जाईना. दारात राख पसरली, चोराची पावलं उमटावीत म्हणून. उमटली ती त्याचीच. तर म्हणतो कसा, "चोर बेरकी आहे, माझेच जोडे घालून येतो!"

मग एकदा मोठा बर्फ पडला. राखणदाराची लेक बाळंतपणाला माहेरी येत होती, ती खिंडीपलीकडे मेंढपाळाच्या खोपटात अडकली. मेंढपाळ कसाबसा बर्फ तुडवत आला. "चला लवकर, कळा सुरू झाल्यात!" सुईण इकडे, लेक तिकडे. राखणदारानं घाईनं बैल जुंपले. खिंडीच्या तोंडाशी औत ढिगात घुसलं आणि पातं पापडासारखं मोडलं.

आवाज ऐकून लोहार धावत आला, तसा राखणदार ओरडला, "लोहारा, कसलं लोखंड दिलंस रे!"

लोहारानं तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. "चाटून बघ."

राखणदारानं जीभ लावली. खारट! त्यानंच वाटेवर फेकलेलं मीठ. ते रोज पात्याला चिकटून घरी येत होतं आणि हा रोज त्याला आत घेऊन बाहेरून कुलूप लावत होता.

सारा गाव फावडी घेऊन धावला, सगळ्यांत पुढे लोहार. सुईण पोचली तेव्हा दिवस मावळत होता. बाळ रडलं, तशी ती म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघांचंही काही खरं नव्हतं."

पुढच्या बर्फात नवं पातं धुवायला राखणदार स्वतः पाणी तापवून बसला. तेलाची बुधली लोहाराच्या साडूच्याच घाण्यावरची. आधी त्यानं तेलाचा वास घेऊन पाहिला. सवय ती, एकदम कुठली जाते? मग मुकाट्यानं हात फिरवला.

तात्पर्य: बाहेरच्या चोराला धुंडाळत बसलं, की आपल्याच हातानं आत आणलेली नासाडी दिसत नाही. भल्यासाठी सांगितलेलं आधी करून पाहावं, संशय मग घ्यावा.