मिठासकट शिदोरी

एका गुरुवारी एक शिष्या आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभी राहिली, ती नमस्कार करायला नव्हे, भांडायला. तिचं नाव केतकी. गुरू म्हणजे पिळणकर सर, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले आणि तिरसट म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. मला विचाराल तर गावात दोन-चार तिरसट माणसं असावीतच. गोड बोलणाऱ्यांनी गावंच्या गावं विकून खाल्ली आहेत.

केतकीचं गाव पैठणी विणणाऱ्यांचं. पदरावरचा मोर कुठल्या धाग्यापासून कुठल्या धाग्यापर्यंत जाईल, हे आधी चौकटीच्या कागदावर मांडावं लागतं. ते मांडून देणारा प्रोग्राम तिने दोन वर्षं खपून पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. एका शाळेने मोडीत काढलेले संगणक विणकरांच्या घरी पोचले होते. त्यांच्यावर यंत्र चालवणारी प्रणाली म्हणून लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही निमूट चालतं.

"मग घोडं अडलं कुठं?" सरांनी विचारलं.

"आमच्या विणकर भागीरथीआत्याकडे प्रोग्राम लावला. पडद्यावर काळी खिडकी उघडली, अमुक सापडत नाही म्हणाली आणि मिटली. सगळ्यांसमोर! गावचा व्यापारी हसला. म्हणाला, पोरीचा खेळ झाला, आता प्रोग्राम माझ्या पेढीतल्या मशीनवर ठेवा आणि घरून इंटरनेटने वापरा. म्हणजे प्रत्येकीचा मोर त्याच्या कुलपात! त्याने मनात आणलं तर आत्याला स्वतःचाच नमुना दिसायचा नाही. रविवारच्या बैठकीत ठरणार आहे. आणि सर, माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतंय हो!"

"तुझा लॅपटॉप पैठणी विणतो का?"



सरांनी खाटेखालून एक जुनापुराणा संगणक ओढून काढला. त्याच्यावर कोरं लिनक्स घातलं, इंटरनेटची वायर उपटली आणि म्हणाले, "चालव." प्रोग्राम चालला नाही. त्याला लागणारा एक छोटा जोडप्रोग्राम त्या यंत्रावर नव्हता. "एवढंच ना? टाकते इथे," म्हणून केतकीने हात पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला. "इथे नाही. तुझ्या गाठोड्यात टाक." गाठोडं म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल.

तिने गाठोडं नव्याने बांधून आणलं. तेवढ्यात सरांनी काय करावं? आख्खा संगणक पुसून टाकला, पुन्हा कोरा केला. आता मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. तिने अक्षरांचा संच गाठोड्यात घातला. सरांनी संगणक पुसला. मग कळलं की पायथॉन वाचणारा दुभाषाच त्या यंत्रावर फार जुना आहे. तिने दुभाष्यालाही गाठोड्यात बसवलं. सरांनी पुन्हा संगणक पुसला! शनिवारी दुपारपर्यंत हे सात वेळा झालं, आणि सातव्यांदा यंत्राने सांगितलं की हे गाठोडं नव्या यंत्रावर बांधलेलं आहे, मला उलगडत नाही.

"पुरे, सर!" केतकी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "उद्या बैठक आहे आणि तुम्ही छळ मांडलाय! जे कमी पडतंय ते त्या मशीनवर टाकू दिलं असतं, तर गुरुवारीच काम झालं असतं."

सर शांतपणे म्हणाले, "गुरुवारी माझ्या घरचं काम झालं असतं. आत्याच्या घरचं नाही. ज्या यंत्राला तू एकदा हात लावलास, ते तुझ्या लॅपटॉपाइतकंच तुझ्या बाजूचं झालं. ते खरी साक्ष देत नाही. अगं, माहेरच्या स्वयंपाकघरात हात लांबवला की मिठाचा डबा सापडतो, म्हणून मीठ लागतं हेच आपण विसरतो. शिदोरी मिठासकट बांधावी. वाटेत कुणीतरी मीठ देईल म्हणून निघालेल्याला पुढे मीठ देणाऱ्याचंच ऐकावं लागतं. व्यापारी तुमच्या गावात याच भरवशावर उभा आहे. आणि बांधायची तर सगळ्यांत जुन्या यंत्रावर बसून बांध. जुन्यावर बांधलेलं बहुधा नव्यावर चालतं. उलट सहसा होत नाही."

केतकीने डोळे पुसले. त्या जुन्या यंत्रासमोरच बसून तिने गाठोडं बांधलं आणि पेनड्राइव्हवर घेतलं. नंतर तिने स्वतःच यंत्र पुसून कोरं केलं. या खेपेला प्रोग्राम उघडला. सर "हं" म्हणाले. शाबासकी एवढीच!

रविवारी बैठकीत व्यापारी ऐसपैस बसला होता. केतकीने पेनड्राइव्ह भागीरथीआत्याच्या हातात दिला आणि स्वतः हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याने चष्मा सावरत गाठोडं संगणकावर उतरवलं, त्याच्यावर दोनदा दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर चौकटी उमटल्या, आणि आत्याने एकेक चौकट भरत मोराची मान काढली.

"आज चाललं," व्यापारी म्हणाला. "उद्या ही पोर लग्न होऊन गेली की कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

"शेठ, तिचे हात कुठे आहेत ते बघा की!" आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. मग पेनड्राइव्ह उपसून तिने शेजारणीच्या हातात ठेवला. "जा गं, तुझ्याकडे लाव. आणि कुणाला विचारू नकोस."

वाचकहो, आपण दिलेली वस्तू आपल्यावाचून चालत नसेल, तर ती आपण अजून दिलेलीच नसते.