जेवणाआधीची नावं

कृष्णाकाठच्या एका गावात चाळीस पोरक्या लेकरांचा आश्रम होता. एका साली तिथल्या कणगीत दाणा उरला नाही, तेव्हा सर्जेराव इनामदार ज्वारीच्या गाड्या घेऊन दारात उभे राहिले.

"गाड्या उतरवतो," ते साऱ्या गावादेखत गरजले, "पण रोज जेवणाआधी पोरांनी माझं नाव घ्यायचं. कबूल असेल तर बोला!"

आश्रमाच्या शिक्षिका मालनताईंनी आधी गाड्यांकडे पाहिलं, मग लेकरांकडे. चाळीस ताटांसाठी मान तुकवावी, तर लेकरं जन्माची मिंधी होणार. तोच स्वयंपाकीण गोदाक्का पदराला हात पुसत पुढे आल्या.

"कबूल की, सरकार! आमच्यात रीतच हाय. पानावर बसलं की हरेक लेकरू आपल्या वारलेल्या आईबापाचं नाव घेतं, मगच घास उचलतं. त्यांच्याच रांगेत तुमचंबी घेऊ. आजपासनंच धरू का?"

इनामदारांचा चेहरा पांढराफटक पडला. गावादेखत दिलेला शब्द तर मोडता येईना.

"गाड्या उतरवा रे!" ते कसेबसे म्हणाले. "आणि माझं नाव... कुणी चुकूनसुद्धा घ्यायचं नाही!"

मालनताईंनी गोदाक्कांना वाकून नमस्कार केला. आवाजही न चढवता त्या बाईने लेकरांची भाकरी राखली होती, आणि मानही.