फांदी किती वाकली?

एका रानात एक साळुंकी राहायची. राहायची कसली, दिवसभर भांडायचीच. पण मायाळू. वाऱ्यानं घरट्यातून पडलेली पाच पोरकी पिलं तिनं गोळा केली होती. खाली गवतात रानमांजर टपलेलं, म्हणून पिलांना उडता येईपर्यंत सांभाळायचं. माकडं त्यांच्यासाठी रोज उंबरं द्यायची.

एक दिवस माकडं म्हणाली, "आमच्या उंबरांचा काही उपयोग होतोय का, ते कुणीतरी मोजा बघू." मोजायला बसले डुक्करभाऊ. त्यांच्या मते जाड तो शहाणा. (हसताय काय? तुमचे गाल बघून मीही तेच म्हणते.) त्यांनी एक लवचीक फांदी निवडली. पिलू बसलं की फांदी जितकी वाकेल, तितकी त्याची प्रगती.

कोकिळेच्या पिलानं फांदी हातभर वाकवली. बुलबुलाच्या पिलानं जेमतेम बोटभर.

"बाई, हे काही भरलं नाही," भाऊ म्हणाले. "उंबरं वाया गेली."

"अहो भाऊ, ते दिवसभर पंख मारतंय. अंगी कसं लागेल?"

"पंखांचं मला सांगू नका. पुढच्या खेपेला फांदी वाकली नाही, तर सगळ्यांचीच उंबरं बंद."

साळुंकी घाबरली. पिलांना म्हणाली, "बाळांनो, आता पंख हलवायचे नाहीत. खा आणि गप बसा." चौघांनी ऐकलं. बुलबुलाचं पिलू द्वाड, ते पानांआड जाऊन फडफडायचंच.

मोजणीचा दिवस आला. कोकिळेचं पिलू बसलं आणि फांदी वाकत वाकत पार गवताला टेकली. "शाब्बास," भाऊ म्हणाले, "याला म्हणतात प्रगती." रानमांजराला उडीसुद्धा मारावी लागली नाही. त्यानं नुसता पंजा टाकला. पिलानं पंख उघडले, पण ते मारायचे कसे, हे त्याला कुठं ठाऊक होतं? शेजारच्या फांदीवर बसलेलं बुलबुलाचं पिलू मात्र भुर्रकन उडून समोरच्या झाडावर गेलं.

भाऊंनी मान खाजवली. "आता या उडालेल्याची फांदी किती वाकली म्हणून सांगू माकडांना?"

साळुंकी उरलेल्या तिघांकडे वळली. "मारा रे पंख."

"बाई, वजन उतरेल."

"उतरू दे. त्या बिचाऱ्याला गप बसायला मीच सांगितलं होतं, भाऊ."

तात्पर्य : आधार घेऊन पोर किती भरलं ते काय मोजता? आधार सुटल्यावर ते तरतं का, ते मोजा.