सूत तुटलं का?

विणकरांच्या एका गावी एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांचा एक शिष्य मोठा होऊन बारा हातमागांची मागशाळा चालवू लागला. माणूस कष्टाळू, हेतूही शुद्ध. पण हल्ली त्याचा पाय एका जागी ठरत नसे. सर्वांत जुना विणकर सावळाराम उद्यापासून काम सोडणार होता, आणि तो गेला की बाकीचेही जाणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मागशाळाच बंद पडायची वेळ आली, तर झोप कशी लागणार हो?

शिष्य तडक गुरुजींकडे आला.

"गुरुजी, मी काय कमी केलं यांना? सणाला गोडधोड देतो. रोज सकाळी प्रत्येक मागापाशी जातीनं चौकशी करतो."

"काय विचारतोस?"

"सूत तुटलं का, म्हणून. कोरड्या हवेत सूत तुटतं ना! विणकर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, तिथे मी न चुकता पाणी टाकायला लावतो. ओल राहिली की सूत टिकतं."

गुरुजी उठले आणि त्याला घेऊन मागशाळेत आले. सावळारामाला म्हणाले, "दादा, जरा वर येऊन बसा. आज तुमच्या जागी तुमचे मालक."

शिष्य संकोचला, पण खड्ड्यात उतरला. घोट्यापर्यंत गार चिखल! थोड्या वेळाने गुरुजींनी विचारलं, "सूत तुटलं का?"

"नाही."

पुन्हा तेच, "सूत तुटलं का?"

"नाही, गुरुजी." शिष्याची चुळबुळ वाढली. हा पाय वर घे, तो खाली टाक. मागून एक विणकर म्हणाला, "मालक, माग चालवायच्या पावडीवर पाय ठेवा की, चावत नाही ती!" सगळे हसले.

"सूत तुटलं का?"

"सुताचं काय घेऊन बसलात!" शिष्य भडकला. "माझे पाय बधिर झालेत, ते विचारा की!"

बोलला, आणि स्वतःच्याच चिखलातल्या पायांकडे बघू लागला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळा, तुझ्या मनात खोट नाही. पण तुझी काळजी सुतापाशीच थांबते. हवा दमट ठेवायला खिडक्यांना ओले पडदेही चालतात. ते सुचायला मात्र खाली काय चाललंय हे बघावं लागतं. गोडधोड वरून देता येतं. माणसाची विचारपूस त्याच्या जागी उतरूनच होते."

शिष्याने मान वळवली. सावळारामाचे पाय त्याच्या डोळ्यांसमोरच होते. पांढरेफटक, बोटांमध्ये चिरा पडलेले.

"दादा, हे कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर दिलं, मालक. सूत तर खरंच तुटलं नव्हतं."

शिष्य वर आला नाही. तिथेच वाकून ओंजळीने पाणी उपसू लागला. सावळाराम कोपऱ्यातली बादली घेऊन त्याच्याशेजारी उतरला.

"असं हातानं कधी व्हायचं? सरका जरा. उद्याचं उद्या बघू."