सुनेत्राने न सांगितलेली चूक

डोंगरांच्या आड वसलेल्या एका गावात एक नृत्यशाळा होती. वर्षातले दहा महिने तिच्या दाराला कुलूप असे. होळी झाली की मात्र दारं उघडत, अंगण सारवलं जाई आणि लांबलांबच्या गावांहून बारा मुली तिथे दोन महिने राहायला येत. हौसेखातर नाचणाऱ्यांना तिथे जागा नसे. जिला जन्मभर नाचच करायचा आहे, अशीच मुलगी म्हाळसाबाई निवडून घेत.

म्हाळसाबाई एके काळी राजदरबारात नाचत. आता केस पिकले होते आणि गुडघे साथ देत नव्हते, म्हणून त्या अंगणाच्या एका टोकाला पाटावर बसून शिकवत. उजाडताच घुंगरू बांधायचे आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सोडायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. दुपारी ताकभात आणि थोडी झोप. उन्हं कलली की पुन्हा घुंगरू. पहिल्या आठवड्यातच टाचांना फोड येत, आणि एखादी मुलगी आईच्या आठवणीने रडत घरी निघून जाई. ज्या टिकत, त्या मात्र एरवी दोन वर्षांत शिकल्या नसत्या एवढं दोन महिन्यांत शिकत.

एका वर्षी तिथे सुनेत्रा नावाची मुलगी आली. ती एका वैद्यांची लेक, पाचव्या वर्षापासून नाच शिकलेली. तिच्या गावात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला नाचून दाखवायला सांगितलं. सुनेत्रा नाचली तेव्हा बाकीच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंनीही मान डोलावली. इथेही आपणच पहिल्या, असं सुनेत्राने मनात ठरवून टाकलं.

सगळ्यांत शेवटी भिवरा उठली. ती एका नावाड्याची मुलगी. तिची मावशी जत्रांमधून नाचायची, तिच्याकडून जेवढं उचलता आलं तेवढंच तिला येत होतं. तिचे हात कच्चे होते, दोनदा तालही चुकला. पण तिने गिरक्या घ्यायला सुरुवात केली आणि अंगणात कुणी हलेना. हलत्या होडीत उभी राहून वाढलेली मुलगी ती, तोल तिच्या अंगातच होता. डाव्या टाचेवर ती अशी फिरत होती, की मांडीवर ठेका धरणारा बाईंचा हात मध्येच थांबला.

तो थांबलेला हात सुनेत्राने पाहिला. तिच्या नाचाला तो थांबला नव्हता.

त्या दिवसापासून सुनेत्राला घास गोड लागेना. भिवराला शाबासकी मिळाली की तिचा जळफळाट होई, आणि भिवरा चुकली की तिला ताक जरा चवदार लागे. आपल्याला असं होतं याची तिला लाज वाटायची, पण होणं काही थांबायचं नाही. भिवराला यातलं काहीच कळत नव्हतं. झाडाखाली पडलेल्या कैऱ्या ती ओच्यात भरून आणायची, आणि त्यांतली सर्वांत मोठी सुनेत्राला द्यायची.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मुलींच्या जोड्या लावल्या. त्या म्हणाल्या, “मी एका जागी बसलेली असते. मला तुमची समोरची बाजू दिसते. मागची बाजू तुमच्या जोडीदारणीने बघायची आणि जे दिसेल ते जसंच्या तसं सांगायचं. नाचणारीला स्वतःची पाठ दिसत नसते.”

सुनेत्राच्या वाट्याला नेमकी भिवरा आली.

सुनेत्रा तिच्या मागे उभी राहून बघू लागली. इतकं बारकाईने दुसरं कुणी बघितलं नसतं, कारण तिला भिवरात खोट हवी होती. तिसऱ्याच दिवशी ती सापडली. गिरकी घेताना भिवराचा डावा खांदा क्षणभर खाली जाई. लहानपणापासून त्या बाजूने वल्हं मारलेलं, त्याचीच ती सवय असावी. खांदा झुकला की सगळा भार टाचेच्या बाहेरच्या कडेवर पडे. समोर येईपर्यंत भिवरा सावरलेली असे, त्यामुळे बाईंना ते दिसत नव्हतं. ते फक्त सुनेत्राला दिसत होतं.

खांदा उचल, एवढंच सांगायचं होतं. पण हे सांगितलं तर भिवराच्या गिरकीत काहीच कमी राहणार नाही, हेही तिला त्याच क्षणी उमगलं. संध्याकाळी बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “भिवराची गिरकी अगदी निर्दोष आहे.”

भिवरा आनंदाने लाजली. सुनेत्रासारखी शिकलेली मुलगी म्हणते म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं.

भिवराने मात्र आपलं काम चोख केलं. तिने सुनेत्राला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, की गिरकी संपली की तू आधी बघणाऱ्यांकडे बघतेस, त्यात तुझा पाय तालाच्या पहिल्या ठोक्यावर यायला किंचित उशीर होतो. सुनेत्राला राग आला. कालपर्यंत होडी हाकणारी मला शिकवते, असं तिच्या मनात आलं. तरी दुपारी बाकीच्या झोपल्यावर तिने एकटीने करून पाहिलं. भिवराचं म्हणणं खरं होतं. चार दिवसांत तिने ती चूक काढून टाकली आणि बाईंची शाबासकी मिळवली. ती भिवरामुळे मिळाली, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

दुपारची ती वेळ मग तिची रोजचीच झाली. आंब्याच्या झाडांमागे जाऊन ती गिरक्या घ्यायची. आपल्या नव्हे, भिवराच्या. भिवरा कशी उभी राहते, पाऊल कसं रोवते, अंग कसं सैल सोडते, हे सगळं तिला पाठ झालं होतं. हळूहळू तिला तसं फिरता येऊ लागलं.

महिना उलटला. एका सकाळी घुंगरू सोडताना भिवरा टाच चोळत बसली. ती म्हणाली, “सुनेत्रा, टाच फार ठणकते गं. माझं काही चुकत असेल का? तू जरा नीट बघ ना.”

सुनेत्राच्या ओठांवर शब्द आले होते. भिवराचा पाय सुजला होता, हेही तिला दिसत होतं. पण दहा दिवसांनी बाई एका मुलीची निवड करणार होत्या. दसऱ्याला राजधानीत दरबारापुढे नाचण्याचा मान तिला मिळणार होता. सुनेत्राने नजर दुसरीकडे वळवली.

“काही चुकत नाही,” ती म्हणाली. “घुंगरू जड आहेत, होईल सवय.”

भिवराने टाचेला हळद लावली आणि दुसऱ्या दिवसापासून गिरक्यांचा सराव आणखी वाढवला.

निवडीच्या दिवशी गावातली माणसं अंगणाच्या कडेने बसली होती. सुनेत्रा चांगली नाचली. मग भिवरा आली. तिला एकवीस गिरक्या घ्यायच्या होत्या. बाराव्या गिरकीपर्यंत लोकांनी श्वास रोखून धरला. तेराव्या गिरकीला तिचा घोटा मुडपला आणि ती खाली कोसळली. ती ओरडली नाही. पाय दोन्ही हातांनी धरून नुसती बसून राहिली, आणि रडत रडत लोकांची माफी मागू लागली.

गावातल्या हाडवैद्याने पाय बघितला. हाडाला चीर गेली आहे, सहा महिने पाऊल टेकायचं नाही, असं त्याने सांगितलं. तिचा बाप बैलगाडी घेऊन आला. निघताना भिवराने सुनेत्राचा हात धरला आणि सांगितलं, की आता दरबारात तूच जाशील, आपल्या दोघींच्या वाटचं नाच.

बाईंनी खरोखरच सुनेत्राची निवड केली. जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं. पण ज्या आनंदाची ती दोन महिने वाट बघत होती, तो काही आला नाही. गावातली माणसं तिचं कौतुक करायची आणि जाता जाता म्हणायची, ती नावाड्याची पोर असती तर काय बहार आली असती. समोर भिवरा नव्हती, तरी सुनेत्राचा जळफळाट तसाच होता.

बाकीच्या मुली घरी गेल्या. दसऱ्याची तयारी करून घ्यायला बाईंनी सुनेत्राला ठेवून घेतलं. आता तिला जोडीदारीण नव्हती, म्हणून एका सकाळी बाई काठी टेकत उठल्या आणि स्वतः तिच्या मागे जाऊन बसल्या. त्यांनी तिला गिरक्या घ्यायला सांगितलं.

चारच गिरक्या झाल्या आणि बाईंनी थांबायला सांगितलं.

“तुझा डावा खांदा खाली जातो,” त्या म्हणाल्या. “भार बाहेरच्या कडेवर पडतो. ही सवय तुझी नव्हे. इथे आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाठ करून उभी होतीस, तेव्हा तुझे खांदे सरळ होते. ही कुठून आली?”

बाईंनी तिला जवळ बसवलं. मग त्यांनी विचारलं, “भिवराचं असंच होत होतं?”

सुनेत्राने मानेनेच हो म्हटलं.

“आणि तुला दिसत होतं?”

“दुसऱ्या आठवड्यापासून,” सुनेत्रा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सुनेत्राला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की अंगात मुरलेला झुकाव काढायला वर्ष जाईल, आणि तो काढल्याशिवाय नाचलीस तर तुझाही पाय भिवराच्या वाटेने जाईल. दरबारासाठी त्यांनी बाराजणींतल्या गिरिजा नावाच्या मुलीला निरोप धाडला. ती दोघींइतकी चपळ नव्हती, पण तिच्या जोडीदारणीने तिची एकही चूक लपवलेली नव्हती.

सुनेत्राला घरी जाता आलं असतं. भिवराला यातलं काही कधी कळलंही नसतं. पण ती घराच्या वाटेला न लागता नदीकडे गेली.

भिवरा घाटावरच्या झोपडीसमोर पाय लांब करून जाळं विणत बसली होती. सुनेत्राला बघून तिचा चेहरा फुलला. पण सुनेत्रा बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं: खांद्याचं, टाचेचं, आणि त्या सकाळी मुद्दाम खोटं बोलल्याचं.

भिवराने जाळं खाली ठेवलं. “मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी तुला विचारलं होतं ना?”

“हो,” सुनेत्रा म्हणाली.

भिवराने तोंड फिरवलं. ती नदीकडे बघत राहिली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भिवराच्या बापाने सुनेत्राला पलीकडच्या तीरावर सोडलं. वाटेत त्याने तिला पाणी प्यायला दिलं.

पुढची होळी आली. नृत्यशाळा उघडली आणि दोघीही आल्या. भिवराचा पाय जुळला होता, पण पूर्वीसारखं सैल फिरायला तो भीत होता. बाईंनी जोड्या लावायला घेतल्या, तेव्हा सुनेत्रा पुढे होऊन म्हणाली, की भिवरा मला नको म्हणाली तर ते बरोबरच आहे, पण तिचा खांदा कधी जातो हे मला कुणाहीपेक्षा आधी कळतं. बाईंनी भिवराकडे पाहिलं. भिवराने थोडा विचार केला आणि ती तयार झाली.

त्या उन्हाळ्यात सुनेत्राने दिसेल ते सगळं सांगितलं. खांदा झुकला की ती लगेच थांबवायची, मग समोर कुणीही बसलेलं असो. भिवराची गिरकी सुधारत गेली, तसा सुनेत्राचा अजूनही कधीकधी जळफळाट व्हायचा. पण आता ती त्या जळफळाटासकट बोलायची. स्वतःचा खांदा सरळ करायला तिला भिवराचीच मदत झाली.

एकच गोष्ट काही केल्या सुटेना. सांगितलेली प्रत्येक चूक भिवरा मानायची, पण सुनेत्रा कधी “आज छान झालं” म्हणाली, की भिवरा घुंगरू न सोडता तशीच बाईंकडे जायची आणि “खरंच का?” असं विचारून यायची. सुनेत्रा तिथेच उभी राहून वाट बघायची. ते विचारायला जाणं थांबायला आणखी दोन उन्हाळे जावे लागले.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दुसऱ्याची चूक दिसूनही जो मत्सराने गप्प बसतो, ती चूक हळूहळू त्याच्याच अंगात उतरते, आणि ज्या तोंडाने एकदा खोटी स्तुती केली, त्याच्या खऱ्या स्तुतीवरही माणसं लवकर विश्वास ठेवत नाहीत.