शेठच्या मांडीवरचं सूप

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. पण कुठं काजू भाजल्याचा वास आला की मला तो बंद पडलेला कारखाना आठवतो आणि गप्प बसवत नाही.

शाळा सुटल्यावर मी तिथंच अभ्यासाला बसायचे. आई नुकतीच मुकादम झाली होती, तिथली पहिलीच बाई. आधीच्या मुकादमाच्या, दाजीच्या वेळी शेठ आले की काजूगर सोलणाऱ्या बायका मांडीवरचं सूप सावरत उभ्या राहायच्या. त्यात गर सांडून फुटायचे. आईनं ती पद्धत बंद केली.

शेठ भडकले. "रजनीबाई, बायकांना शिस्त लावता येत नसेल, तर उद्यापासून मुकादमी परत दाजीकडे."

बायकांचे हात थांबले. आई शांतपणे म्हणाली, "शेटनू, गर न सांडता कसा उठूचा, ता एकदा तुमीच दाखवा."

"त्यात काय दाखवायचं?" म्हणत शेठ ऐटीत पाटावर बसले. आईनं त्यांच्या मांडीवर काठोकाठ भरलेलं सूप ठेवलं. मग बाहेर जाऊन ती शेठसारखीच खाकरत आत आली.

शेठ जरा उठले, सूप कललं, गर घरंगळू लागले. ते झटकन खाली बसले.

"बसा, शेटनू, बसा," आई म्हणाली. "कामातल्या माणसान उठूचा नाय."

बायका पदराआड हसल्या. मुकादमी आईकडेच राहिली.

"शुभदा, जरा हंयसर ये गे."

आई हाक मारतेय. मी कामात आहे असं सांगून बघते, कारण तिचंच म्हणणं आहे की कामातल्या माणसानं—